हिमतळ्यातली हाक

११ जून
पोहोचले एकदाची! ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची इवलीशी वस्ती, मागे हिमनदी. बर्फावर साचलेली वितळपाण्याची तळी मोजायची, त्यांच्या पाण्याने समुद्र किती चढतो ते काढायचं, आणि पीएचडी घेऊन नूकला घरी जायचं. राहायला बिबियानेकडे. साठीची ही बाई मला चक्क 'अहो' म्हणते! बर्फात गेलेल्या तिच्या नवऱ्याचं नाव, उल्लोरिआक, तेव्हा इथेच राहणाऱ्या आईने मला ठेवलं. म्हणजे आमच्या रीतीने तोच परत आला. सीलच्या रश्श्यातला चरबीचा तुकडा न मागता माझ्या ताटात. तिचा धाकटा भाऊ एनोक मला हिमनदीवर नेतो. दात काढत म्हणाला, "काय दाजी, बायकोने जेवू घातलं का?" मजा आहे माझी.

१९ जून
तळं काठोकाठ, निळंशार. बर्फ तडकताना ऐकू यावा म्हणून पाण्यात मायक्रोफोन सोडला. तडतड आली, आणि तिच्याखाली कुणीतरी कुत्र्यांना हाकारल्यासारखा आवाज. एनोकला ऐकवलं. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि परतायची घाई लावली.

२४ जून
बिबियानेला गंमत म्हणून सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, तेव्हा तळं फुटलं आणि माझा नवरा कुत्र्यांच्या बर्फगाडीसकट भेगेत गेला. दोर पुरला नाही. खालून हाका येत असतानाच तुझ्या आईला मुलगी झाली, आणि आम्ही घाई केली. जित्या माणसाचं नाव काढून तुला दिलं. बिननावाच्याला धड मरताही येत नाही. "बर्फ कधी काही परत देईल, असं वाटलंच नव्हतं गं!"
मला पहिल्यांदाच 'गं' म्हणाली. भीती वाटतेय.

२ जुलै
तळं उतरतंय. आवाज जवळ आलाय. एनोकने आज 'ए पोरी' म्हणून हाक मारली. माझं नाव विचारलं, तर डोकं खाजवत राहिला. थट्टा असेल. थट्टाच.

५ जुलै
तळं फुटलं. सगळं पाणी बर्फाखालून समुद्रात. आता आवाज धक्क्यापाशी —
आईला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. आई, मी — पुढे नाव येईना. तिने चुकून लागला असेल म्हणून ठेवून दिला.

६ जुलै
स्वयंपाकघरातून 'अहो' ऐकलं. धावत गेले — बिबियाने माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खुर्चीत — ओलाचिंब, अजून तरुण — चरबीचा तुकडा त्याच्या ताटात —
ती रडत होती, आनंदाने. मग मला म्हणाली, कोणाकडे आलात, बाई?
खोलीला कडी घातलीय. मागचं पान उलटलं. ११ जूनला नाव लिहिलंय, वाचता येतंय. पण ते त्याचं आहे. माझं नाव —