गुरुजींचा एकच शब्द

१२ जानेवारी १९८८
वाचा फुटली! लकवा मारल्यापासून अकरा दिवस गुरुजी मुके होते. आज म्हनले — "रोबस्ट." मले वाटलं देवाचं नाव असन. हात जोडले.

(सारं गुडीहत्नूर गाव यायले गुरुजी म्हनते. बायको असून मीबी तेच म्हनते.)

१३ जानेवारी
पान्याले रोबस्ट. भाकरीले रोबस्ट. म्हशीलेबी रोबस्ट! दुसरा शब्दच नाई.

१६ जानेवारी
शाळेतले भगवानराव सर आले. गुरुजी इंग्रजी शिकवता शिकवता कोसळले, तवा फळ्यावर हाच शब्द होता म्हने. अर्थ — धडधाकट, दनकट. मानसाले म्हनते, बैलाले म्हनते, भिंतीलेबी चालते. मी खाटेकडं पाह्यलं. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, अन दिवसभर दनकट दनकट! देवाले काई लाज?

शब्द मुळात लॅटिनमदला, सर म्हनले. तिकडल्या एका झाडाचं नाव. लाकूड लय टनक.

१९ जानेवारी
झाड डोक्यातून जाईना. काठी तर नसन मांगत? आमच्या फकिरा गड्याले सांगून उटनूरहून सागाची काठी आनवली. तेल लावून डाव्या हातात देली. गुरुजीनं फेकून देली. मंग रडले.

२० जानेवारी
दुपारभर रोबस्ट, रोबस्ट. चहा देला, चष्मा देला, पुस्तक देलं, उशी फिरवली. लघवी लागली होती. धोतर ओलं झालं. मी धुतलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले.

गावाच्या पोरायले इंग्रजी शिकवलं यायनं, मले नाई शिकवलं. आता काय करू? कोनाले पुसू?

२३ जानेवारी
शेजारची जयवंताबाई म्हने, त्यायच्या कानात तुझं नाव सांगून पाहा, ओळख पटन. नाव? बत्तीस वर्सं "आयकलं का" वरच संसार झाला. मी त्यायचं नाव घेत नाई, ते माझं घेत नाईत. लग्नाच्या उखान्यात घेतलं तेवढंच.

तरी दार लावून बसली. बोटानं तांब्या दाखवला, "पानी." मंग छातीवर हात ठेवला, "मी मालन." धा खेपा. गुरुजी टकमक पाहात राह्यले. म्हनले, "रोबस्ट."

२६ जानेवारी
शाळेतून झेंड्याचं गानं आयकू आलं. गुरुजीनं डोळे मिटून घेतले.

२७ जानेवारी
रोबस्ट गेला. सकाळी तांब्याकडं बोट करून म्हनले — "मालन." कंदिलाले मालन. म्हशीले मालन.

आता खाटेवरून आवाज आला, "मालन." मले हाक मारली का पानी मांगलं? पानी घेतलं अन गेली.