नेटाची किल्ली आणि माझे पडदे

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ७.४०.
तक्रारीत आधी तारीख आणि वेळ घालावी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कोलेट शिकवायच्या. म्हणून वेळ वर लिहिली आहे. बरोबर ह्या वेळी समोरच्या घरातली नेटा तिच्याजवळच्या किल्लीने माझं दार उघडून थेट पलंगाशी आली आणि माझ्या नाकापुढे हात धरून उभी राहिली. नाइटीवर रेनकोट. मी डोळे उघडले तर तीच किंचाळली. म्हणे, अगं लिओनी, अजून पडदे बंद, मला वाटलं आटोपलं तुझं.
मी उशिरापर्यंत झोपले होते. बाहत्तराव्या वर्षी एवढा हक्क असतो. पण आमच्या गल्लीत साडेसातला पडदे उघडले नाहीत की माणूस मेलं.
शिवाय तिने माझ्या मुलाला फोन केला. दुपारी ह्यूब म्हणाला, आई, ते ज्येष्ठांचे फ्लॅट एकदा नुसते बघून यायला काय हरकत आहे. नुसते बघायला गेलेलं माणूस तिथून परत आल्याचं मी पाहिलेलं नाही.

गुरुवार, ७ मार्च.
उपाय सापडला. मोटरचे पडदे. सकाळी साडेसातला उघडणार, संध्याकाळी सातला बंद होणार. इथे रूरमोंड गावात, आमच्या गल्लीत, पहिला मायक्रोवेव्ह माझ्याकडे आला होता. तेव्हाही नेटा म्हणाली होती, त्याने केस गळतात. तिचे गळले, माझे नाहीत.

सोमवार, ११ मार्च. ७.३०.
उघडले. एकदम, सरळ, न अडकता. मी पलंगातूनच पाहिलं. समोर नेटाने मान वर केली, पाहिलं, आणि आत गेली.
दुपारी किल्ली परत मागितली. ती म्हणाली, तीस वर्षं माझ्या चहाच्या डब्यात आहे, तिथे तुला काय टोचते. मी म्हणाले, आता यंत्रणा आहे. तिने डबा उघडला, किल्ली काढली, डबा बंद केला. बिस्किटाचं विचारलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च.
यंत्रणा उत्तम. दिवे आपोआप, कॉफी आपोआप. ह्यूबला फोटो पाठवले. त्याने अंगठा पाठवला. म्हणजे फ्लॅटचा विषय संपला.
नेटा चार दिवस आली नाही. साडेदहाची कॉफी शांततेत प्यायले. ती असली की तिचा गुडघा, सुनेचा स्वभाव आणि पुन्हा गुडघा. शिवाय एक बिस्किट घेऊन झालं की दुसऱ्यासाठी डब्याकडे बघत बसते. आता डबा उघडावा लागत नाही.

बुधवार, २० मार्च.
फरशी झाडणारा रोबो आणला. गोल, काळा, गंभीरपणे फिरतो आणि स्वतःची चूक कधी मान्य करत नाही. नाव ठेवलं बिशप. दर मंगळवारी सकाळी दहाला फिरेल असं लावलं आहे. घरात कुणीतरी हललेलं बरं वाटतं. म्हणजे स्वच्छतेच्या दृष्टीने.

सोमवार, २५ मार्च.
काल चर्चमधून येताना जर्दाळूचा व्लाय आणला, आमच्याकडचा फळं भरलेला गोल केक. अख्खा. लहान मिळाला नाही. आठ तुकड्यांपैकी सहा शिल्लक.
सकाळी खिडकीतून नेटाला हात केला. ती पडद्यांकडे बघून समाधानाने मान हलवत सायकलवर निघून गेली. मला पाहिलं नसावं. चष्मा बदलायला हवा तिने.
सात वाजता पडदे बंद होताना मी आत उभी होते. बाहेरून काय दिसतं कुणास ठाऊक. सगळं ठीक दिसत असणार. त्यासाठीच तर आणले.

गुरुवार, २८ मार्च. दुपारी २.
पाय प्लास्टरमध्ये आहे. क्रमाने लिहिते.
परवा, मंगळवारी, सकाळी सव्वादहाला बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरले. घोटा गेला. फोन स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने बिशप आला, माझ्या खांद्याला धडकला आणि म्हणाला, अडथळा आहे, कृपया अडथळा दूर करा. मागे गेला. पुन्हा आला. पुन्हा तेच.
मी हाका मारल्या. पण समोरच्या घरातून पडदे उघडे दिसत होते, म्हणजे मी मजेत होते. संध्याकाळी दिवे लागले. सात वाजता पडदे बंद झाले. यंत्रणेने एकही चूक केली नाही. मी जमिनीवर पडून तिच्या चुकीची वाट बघत होते.
शेवटी सरपटत हॉलमध्ये पोचले आणि छत्रीच्या मुठीने यंत्रणेचा प्लग ओढून काढला. हा निर्णय पूर्णपणे तांत्रिक होता.
काल साडेसातला पडदे उघडले नाहीत. ७.४० ला मागच्या दाराची काच फुटली. नाइटीवर रेनकोट, हातात कुंडी. नेटा आत शिरली. माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि रडली. गुडघा दुखतो म्हणणारी बाई फरशीवर बसली. मग म्हणाली, मूर्ख बाई, किल्ली कशाला घेतलीस.
नंतर फोन पाहिला. बिशपने मला चौदा वेळा कळवलं होतं की तो अडकला आहे, कृपया मदत करा.

खालील पत्र आत्ता ह्यूबच्या हातून समोरच्या पेटीत टाकलं. प्रत इथे ठेवते.

श्रीमती नेटा यांस,
आपण २७ मार्च रोजी सकाळी ७.४० वाजता माझ्या दाराची काच फोडलीत. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून सोबत किल्ली जोडली आहे. ती पूर्वीच्याच डब्यात ठेवावी. पडदे यापुढे मी हाताने उघडीन. पायामुळे आठ वाजतील, तोवर मला मेलेली धरू नये. पावणेनऊनंतर अवश्य धरावी.
किल्ली स्वीकारली की नाही, याचं लेखी उत्तर शनिवार, ३० मार्च, सकाळी साडेदहाच्या आत मिळावं. टपालाने पाठवू नये. स्वतः आणून द्यावं. बिस्किटांचा डबा उघडाच असेल.