सात वर्षांची मुदत

३ मार्च

बँकवाले साहेब येऊन गेले. सहा महिन्यांच्या कर्जाची मुदत संपली की नवी करून द्यायला येतात. नेहमीसारखा आधी छपाईच्या मशीनवर हात ठेवला — गरम असेल तर ते रोज चालतं, पाहणीपुरतं सुरू केलेलं नाही, ही त्यांची जुनी खात्री. मग माझ्या टेबलाशी चहा. मग माझ्या गुडघ्याची चौकशी. या अख्ख्या कारखान्यात माझा गुडघा दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही!

मालक मात्र धुसफुसत होते. दोन वर्षं झाली, आपला माल, ऑर्डरी, येणी सगळं बँकेला पडद्यावर दिसतं, तरी मुदत सहाच महिने! नव्या मशीनचे पैसे सुटायला पाच-सहा वर्षं जातात. अशा कर्जाच्या भरवशावर ते घ्यायचं कसं? त्यांचं खरंच आहे. हिशेब मीच ठेवते, मला नाही कळणार तर कुणाला?

१९ मार्च

बँकेत आता मुदत मुख्य कचेरीतला कॉम्प्युटर ठरवणार म्हणे. साहेबांच्या शिफारशीची गरज उरली नाही.

२७ मार्च

सात वर्षं! एका झटक्यात! मालकांनी लगेच नवं मशीन मागवलं, सगळ्यांना मिठाई वाटली. "बँकेची कटकट गेली एकदाची," म्हणाले. मीही हसले.

रात्री ताईचा फोन. एवढी चांगली बातमी, मग आवाज का असा पडलाय, म्हणून विचारत होती. सर्दी झालीय म्हटलं.

२ सप्टेंबर

आज पाहणी असती. सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला. स्वतःचंच हसू आलं, पण टिकलं नाही. फार एकटं वाटतंय. गुडघाही दुखतोय. सांगणार कुणाला?

४ सप्टेंबर

साहेब आले! हातात बॅग नाही, कागद नाही. नव्या मशीनवर हात ठेवून उभे राहिले.

"दोन वर्षांपूर्वीच कॉम्प्युटरने सांगितलं होतं, यांना सात वर्षं द्या. मीच दर वेळी अडवायचो. म्हणायचो, मशीन प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नको."

मशीनवरचा हात काढून घेतला. "मशीन कुठं बघायचं होतं मला."

म्हणजे दोन वर्षं कारखाना अडला तो या माणसापायी! मला राग यायला हवा होता.

मी दुसरा कप काढला.