उलटी प्रदक्षिणा

पुणे

प्रिय आमोद,

आज सकाळी फोनवर तू पुन्हा माफी मागितलीस. तू बाबांजवळ राहायला आलास, मी सहलीला गेले आणि पाचव्या दिवशी बाबा गेले. ‘ताईची सहल बिघडू नये’ म्हणून तू ते मी परतेपर्यंत लपवलंस. मी ‘असू दे रे’ म्हणाले. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

मला कळलं होतं, आमोद. तू सगळ्या नातेवाइकांना गप्प केलंस, पण आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप विसरलास. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिक शहराच्या तटबंदीखाली मी तिकिटाच्या रांगेत होते, तेवढ्यात लेलेकाकूंनी बाबांचा फोटो टाकला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं असतं. पण बाबांच्या आजारपणाच्या नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच बाहेर पडले होते. फोन पर्समध्ये टाकला आणि तट चढले.

सवयीने शहर उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेसारखी निघाले. रखवालदाराने अडवलं. तिथे सगळ्यांनी उलटंच फिरायचं असतं, चितेभोवती फिरतात तसं.

गाईड सांगत होती, भूकंपानंतर हे शहर पुन्हा उभं राहिलं, युद्धानंतरही राहिलं. जिथे कौलं नवी आहेत, तिथे बॉम्ब पडले होते. मी पूर्ण फेरी मारली. खरं सांगू? मला फार छान वाटत होतं.

विमानतळावर तू सांगितलंस तेव्हा मी रडले. ते रडणं मी विमानातच ठरवून ठेवलं होतं.

हे पत्र फाडून टाकेन. उद्या तू माफी मागितलीस की पुन्हा ‘असू दे रे’ म्हणेन.

तुझी,
ताई