पितळी खिळ्याचा चाकू

मी, श्रीपती जनार्दन भाटकर, वय ७८, धंदा आंबा बागायत, राहणार पावस, जिल्हा रत्नागिरी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (माझ्यावर दडपण आणायची कोणाची छाती नाही) हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र मी स्वतः चुलीत घातले आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी वासंती हिची. तिने पन्नास वर्षे माझा संताप सोसला, एकदा फेकलेला तांब्या कपाळावर झेलला. ती घर विकून कुठेही गेली तरी कोणी चकार शब्द काढू नये.

२. भाचा ऋत्विक याला काहीही देऊ नये. त्याने माझ्या कुत्र्याला दगड मारला होता.

३. घडीचा चाकू. १९८९ साली भागोजी लोहाराने तो मला आंब्याची कलमे बांधायला करून दिला. खिळा पोलादी न घालता पितळी तारेचा ठोकलेला, पाते उघडे धरणारी पट्टी मऊ. काम वाईट होते आणि त्याने ते लपवले नाही. "पट्टी ढिली हाय. परवा या, बदलून देतो," म्हणाला. मला परवापर्यंत दम नव्हता. धाकटा भाऊ दत्ताराम याने हद्दीवरचा दगडी गडगा सरकवून माझी अकरा हापूसची झाडे आपल्याकडे घेतली होती. त्याच दुपारी मला त्याचे पोट फाडायचे होते.

वार बरगडीवर बसला. पाते उलटे मिटले आणि माझीच तर्जनी सांध्यातून तुटून गडग्यावर पडली. मधले बोट नंतर इस्पितळात काढले. दत्ताराम रक्ताने भिजला होता, त्यातले निम्मे माझे. त्यानेच पंच्याने माझा हात आवळला आणि पोलिसांना सांगितले, "कलम बांधताना चाकू मिटला. सोडवायला गेलो तर मलाही लागला."

हे खोटे पटावे म्हणून हात बरा होताच मी भर बाजारात भागोजीला लाथांनी तुडवले, दोन दात पाडले, भाता फाडला. फुटलेल्या ओठाने तो एवढेच म्हणाला, "कलमाला केलेला, मानसाला न्हाय." त्यानंतर त्याच्याकडे कोणी कोयताही धारेला दिला नाही. तो चिपळूणला गेला आणि तिथेच मेला.

त्या वाईट कामामुळे माझा भाऊ जिवंत आहे आणि मी फासावर गेलो नाही. मला माझी लाज वाटते.

४. चाकू भागोजीची नात दर्शना हिला द्यावा आणि वरचा मजकूर बाजारात उभे राहून मोठ्याने वाचावा. कोर्टात मी जिंकलेली ती अकरा झाडे दत्तारामला द्यावीत.

५. (हे हाताने लिहितो.) आज दत्तारामला सगळे वाचून दाखवले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून त्याने सही करू नये, असे वकीलबाईंनी बजावले. तो म्हणाला, "दादा, झाडं भागोजीच्या नातीला दे. तवा खोटं मीच बोललो व्हतो. सही मीच करनार." मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्याने पेन सोडले नाही.

अकरा झाडे दर्शनाची.

सही: श्रीपती जनार्दन भाटकर (डाव्या हाताने)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. ॲड. नम्रता शिवलकर
२. दत्ताराम जनार्दन भाटकर

पावस, १४ नोव्हेंबर २०२४