पुढची खोली मंजुळेच्या शिकवणीला

मी, नीला विद्याधर धारप, राहणार अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव कसा असतो हे मला नीट माहीत आहे, म्हणून तो या क्षणी नाही असं खात्रीने लिहू शकते.

१. मी राहते ती सदनिका माझ्या आईने मला बक्षीसपत्राने दिली असून ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. ती मी माझी मुलगी स्वरदा हिला देते. माझे पती विद्याधर यांना आतल्या दोन खोल्यांत हयातभर राहता येईल. त्यांना कोणी बाहेर काढू नये.

२. पुढची खोली मात्र माझी विद्यार्थिनी मंजुळा तांडेल हिला इंग्रजीच्या शिकवणीसाठी, तिला हवी तोवर, वापरू द्यावी. याचं कारण लिहिणं भाग आहे.

लग्नानंतर ह्यांच्या ऑफिसच्या पार्टीत मी साहेबांच्या पत्नीशी इंग्रजीत बोलले. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. ह्यांनी सर्वांसमोर माझा उच्चार दुरुस्त केला आणि लोक हसले. घरी म्हणाले, "आधी बोलायला शीक, मग तोंड उघड." त्यानंतर ह्यांच्यासमोर मी इंग्रजीत एक वाक्य बोललेले नाही. शाळेतली नोकरी चालून आली, तेव्हा "घरात काय कमी आहे तुला?" एवढ्यावर विषय संपला. शिकवणीला परवानगी मिळाली ती मागच्या बंदिस्त गॅलरीत, ह्यांची झोपमोड न करता. माझ्या शिकवणीची मुलं कुजबुजत इंग्रजी शिकली.

मंजुळा सातवीत असताना आली. तिची आई सोनूबाई खारदांड्याहून येऊन आमच्या नाक्यावर मासळी विकायची. शाळेत वाचताना मुलं हसतात म्हणून मंजुळेने बोलणंच सोडलं होतं. मी पुस्तक मिटलं. "मी गिऱ्हाईक. मला पापलेट विक, इंग्रजीत." ती एकदम म्हणाली, "मॅडम, धिस फिश इज फ्रेशर दॅन यू!"

सगळी गॅलरी खदखदून हसली. मीसुद्धा.

हे उठून आले. "हा क्लास आहे की मासळीबाजार?"

मंजुळा उभी राहिली. "बोथ, सर. व्हॉट यू वाँट?"

व्याकरण चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

त्या संध्याकाळी गॅलरीला कुलूप लागलं. मुलांना दारातून परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मंजुळा जिन्यात थांबून म्हणाली, "बाई, तुम्हीच चला ना आमच्याकडे." मी गेले नाही. त्यासाठी ह्यांना विचारावं लागलं असतं. हे फिरायला बाहेर पडले की मी तिला फोनवर शिकवत राहिले. आज ती स्वतः शिकवते आणि तिच्या घराच्या पडवीत मुलं मावत नाहीत.

३. शिकवणी चालू असताना पुढच्या खोलीचं दार कोणी लावू नये. मुलांनी मोठ्याने बोलावं, चुकावं, हसावं. झोपमोड झाल्यास विद्याधर यांनी कानात कापूस घालावा. तो औषधांच्या कपाटात आहे.

४. माझे दागिने स्वरदाला. इंग्रजी उच्चारांचा जाडजूड कोश ह्यांचा आहे, ह्यांच्याकडेच राहावा. मंजुळेला तो देऊ नये.

५. या पत्राची अंमलबजावणी स्वरदाने करावी. स्वरदा, बाबा रागावतील. तू आवाज चढवू नकोस, फक्त हे वाचून दाखव. घरात हे लपवायला मला जागा नाही, म्हणून ते वकील विनिताताईंकडे राहील.

डोळे तपासायला जाते असं सांगून मी आज खारदांड्याला आले आहे. मंजुळेच्या एका छोट्या विद्यार्थिनीने मला इंग्रजीत नाव विचारलं. मी सांगितलं, आणि मला काय आवडतं तेही सांगितलं. ती खुदकन हसली.

पर्समध्ये फोन वाजतो आहे, ह्यांचाच. सही झाली की घरीच जायचं आहे, दुसरीकडे कुठे जाणार? पण मुलं मला गोष्ट सांगायला बोलावताहेत, आणि मी फोन उचललेला नाही.

सही: नीला विद्याधर धारप

नीलाबाईंनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली.
साक्षीदार: १. ॲड. विनिता चंद्रप्रकाश माने २. सीताराम वैती

ठिकाण: खारदांडा
दिनांक: २२ जानेवारी २०२५