नदीच्या पाण्यातला खार

गुरुजी, माझा तुमच्यावर राग आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता रागावणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. पण आहे तो आहे, काय करू?

मी चौथीत होते, सिंदीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईची पोर. तुम्ही शाळेच्या पडवीत तीन विटांची चूल मांडली, पाण्यात मीठ टाकलं आणि विचारलं, "मीठ कुठं गेलं?" "सरलं!" आम्ही सगळे ओरडलो. मग तुम्ही एकेकाला ते पाणी चाखायला लावलंत, उरलेलं कढईत आटवलंत, तर तळाशी पांढरं मीठ परत हजर. "पाहा रे पोट्टेहो, जगात काहीच सरत नाई. दिसत नाई, पन असते." मी धावत घरी जाऊन मायला सांगितलं. ती वांगी निवडत होती. म्हणाली, "मंग आपल्या घरचं तेल काऊन सरते वो?" आणि स्वतःच हसली.

त्याच हिवाळ्यात कावीळ होऊन माय गेली. बापानं आणि काकानं राख नदीत शिरवली. पोरीच्या जातीनं तिकडे जायचं नव्हतं. ते परतल्यावर मी पाणी प्यायचा गडवा घेऊन एकटीच गेले आणि काठच्या संथ पाण्यावर राखेचा पट्टा अजून दिसत होता तिथलंच पाणी भरून आणलं. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजारची भाकर खायची, एवढं मलाही कळत होतं. म्हणून गोठ्यामागे विटा मांडल्या, तुमच्यासारख्याच, आणि घरची कढई चढवली.

धूर पाहून काकू मारायला धावली. नेमके तेव्हाच तुम्ही आलात, मी शाळेत का येत नाही म्हणून विचारायला. "काय करून राह्यली वो?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "मायले काढून राह्यली."

काकूचा उगारलेला हात तसाच राहिला. तुम्ही उकिडवे बसलात आणि पाणी आटेपर्यंत चुलीत काटक्या सारत राहिलात. तळाशी पांढरी खपली धरली होती. काय आनंद झाला होता मला! आणि तुम्ही उठून विहिरीचं पाणी शेंदलंत, दुसरं भांडं मागितलंत, तेही आटवलंत. तिथंही तशीच खपली.

"पाह्य, हिरीतबी तेच हाय. पान्यातला खार होय हा. तुही माय नोय. राख इरघळत नाई, पोरी, वाहून जाते."

"तुमीच तं म्हनलं, काहीच सरत नाई?"

"ते मिठाचं सांगतलं होतं." तुम्ही म्हणालात. तुम्ही खोटं बोलू शकला असता, गुरुजी. एक दिवस तरी.

पुढे मीही मास्तरीण झाले, समुद्रपूरकडे. तुम्ही गेल्याचं तिथंच कळलं. शाळा सोडून एस.टी.नं आले, तर सगळं आटोपलं होतं. मिठाचा धडा मीही दरवर्षी शिकवते. पोरं "सरलं!" ओरडतात. पुढचं तुमचं वाक्य मी कधी उच्चारलं नाही. पुस्तकात आहे ते फळ्यावर लिहिते आणि घंटा होण्याची वाट पाहते. वर्गात दरवर्षी एखादं तरी बिनआईचं लेकरू असतंच.

पण तुम्ही खोटं बोलला नाहीत, राग त्याचा नाही. शिक्षिका झाल्यावर एका पुस्तकात वाचलं की राख विरघळत नाही हे अर्धंच खरं. राखेतला खार पाण्यात उतरतो. नदी केवढी आणि गडवा केवढा, मलाही समजतं. असलीच तर माय चिमटीत न येण्याएवढी. पण असेल की नाही, गुरुजी, त्या खपलीत कणभर? हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठं जायचा नाही. त्या दिवशी तुम्ही आमच्या घरून परतल्यावर मी ती खपलीची कढई विहिरीवर नेली आणि घासून लख्ख केली. कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यावर माझा विश्वास होता.